घरमालकाचा व्हिसा

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण सुरुवात मात्र एका व्हॉइस नोटपासून.

जळगावजवळच्या असोद्याचा माझा एक मित्र आहे. हो, तेच असोदा, बहिणाबाईंचं माहेर. पठ्ठ्या घरी बसून बाहेरच्या कंपनीचं काम करतो. लाइट गेली तर इन्व्हर्टर, नेट गेलं तर मोबाइलचा हॉटस्पॉट. आता त्याला वर्षभर पोर्तुगालमध्ये राहून हेच काम करायचंय. परवा त्याची व्हॉइस नोट आली, "भाऊ, पगार आहे, लॅपटॉप आहे, पण राहायला घर भेटत नाही ना!"

अडचण काय, ते आधी समजून घेऊ. पोर्तुगालने ऑक्टोबर 2022 मध्ये रिमोट काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा सुरू केला. त्यासाठी तिथल्या किमान वेतनाच्या चौपट कमाई दाखवावी लागते, आणि राहण्याच्या जागेचा पुरावाही. म्हणजे व्हिसासाठी घर पाहिजे. घर घ्यायला गेलं की मालक तिथला कर क्रमांक मागतो, तिथल्या कमाईची कागदपत्रं मागतो. वर म्हणतो, फियादोर आणा. फियादोर म्हणजे आपला जामीनदार. भाडं थकलं तर मी भरीन, असं लिहून देणारा तिथला माणूस. आता असोद्याच्या पोराला लिस्बनमध्ये जामीन कोण राहणार?

मी त्याला म्हटलं, हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. मराठी माणूस परदेशी जायला लागल्यापासून तो आपल्या मागे लागलेला आहे. चला, जरा मागे जाऊ.

1878 साल. गोपाळराव जोशी पोस्टात नोकरी करत होते. बायकोला अमेरिकेत शिकवायचं म्हणून त्यांनी एका मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिलं. मदत काही मिळाली नाही, पण ते पत्र अमेरिकेतल्या एका मासिकात छापून आलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी ते वाचलं आणि आनंदीबाईंना पत्र पाठवलं. पुढे जवळजवळ तीन वर्षं दोघींची पत्रापत्री चालली. एकमेकींचा चेहरा पाहिलेला नाही आणि पत्र पोचायलाच कित्येक आठवडे लागायचे. पण नातं मावशी-भाचीचं झालं. एप्रिल 1883 मध्ये 18 वर्षांच्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या. जूनमध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा राहण्याचं ठिकाण ठरलेलं होतं, मावशीचं घर. तिथूनच त्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात गेल्या आणि मार्च 1886 मध्ये डॉक्टर झाल्या.

बोटीच्या तिकिटाआधी आनंदीबाईंकडे ओळख होती, हे लक्षात ठेवा.

पण प्रत्येकाला मावशी थोडीच मिळते? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना खोली मिळणं मुश्कील व्हायचं, कारण कातडीचा रंग. यावर श्यामजी कृष्णवर्मांनी सरळ एक घरच उघडलं. हायगेट भागात, 65 क्रॉमवेल ॲव्हेन्यू, तारीख 1 जुलै 1905. नाव इंडिया हाउस. साधारण 25 विद्यार्थ्यांची सोय. पुढच्या वर्षी सावरकर तिथेच राहायला आले. आपण इंडिया हाउस म्हटलं की क्रांतिकारकांचा अड्डा आठवतो, आणि ते खरंच आहे. पण त्याच्या मुळाशी एक साधी गरज होती. पोरांना राहायला जागा पाहिजे होती.

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ही परदेशातली नाही, बडोद्याची आहे.

1917. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनमधला अभ्यास अर्धवट ठेवून परतले. बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती घेतलेली, म्हणून तिथे नोकरी करायची होती. नोकरी पक्की, पगार पक्का. फक्त राहायचं कुठे? हिंदू हॉटेलात घेणार नाहीत हे माहीत होतं. शेवटी एका पारशी धर्मशाळेत दीड रुपया रोजावर खोली मिळाली, तीसुद्धा रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं दारात उभी राहिली. संध्याकाळच्या आत खोली सोड, म्हणाली. एका हिंदू मित्राला विचारलं, तर तो म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. एका ख्रिस्ती मित्राने बायकोला विचारतो म्हणून वेळ मारून नेली. मग बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवलाय. ज्या लिखाणात तो येतो त्याचं नाव माहितीये? 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात दूतावास नाही, पासपोर्टवर शिक्का नाही. आपल्याच देशात आत येऊ देणारा परवाना मिळेल का, हा सवाल आहे.

तेच बाबासाहेब 1920 मध्ये पुन्हा लंडनला गेले. 1921-22 च्या काळात 10 किंग हेन्रीज रोड या घरात ते राहिले. ते घर 2015 मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि आज तिथे स्मारक आहे.

म्हणजे लंडन चांगलं आणि आपण वाईट, असं म्हणायचंय का? अजिबात नाही. त्याच लंडनमध्ये 1950-60 च्या दशकात खोल्यांच्या खिडक्यांवर 'काळ्या लोकांना जागा नाही' अशा पाट्या असायच्या. 1965 मध्ये ब्रिटनने वंशभेदाविरुद्ध कायदा केला, पण घरभाडं त्यातून वगळलं. 1968 च्या कायद्यात ते आलं. पाट्या उतरल्या, तरी "अरेरे, खोली कालच गेली हो" हे उत्तर काही लगेच बंद झालं नाही.

या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसते. परदेशी राहायला दोन व्हिसा लागतात. एक सरकार देतं. त्याचे नियम छापलेले असतात, नकार मिळाला तर कारण विचारता येतं. दुसरा घरमालक देतो. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं, की हा माणूस कोण आणि याच्यासाठी बोलणारं कोण आहे? पैसा त्या प्रश्नाचं अर्धंच उत्तर असतो.

म्हणून मित्राला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पहिला महिना थोड्या दिवसांची जागा घे आणि तिथे राहून घर शोध. स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय कुठल्याही लिंकवर पैसे टाकू नको. करार तिथल्या कर खात्याकडे नोंदवणार का, हे मालकाला विचार. आणि जायच्या आधी सहा महिने तिथल्या आपल्या लोकांशी बोलायला लाग. मंडळ असो, कंपनीतला कोणी असो. थोडक्यात, कार्पेंटर मावशी शोध.

मग मी त्याला एक प्रश्न विचारला. त्याच्या वडिलांनी जळगावात भाड्याने द्यायला दोन खोल्या बांधल्यात. कॉलेजची पोरं बघायला येतात. म्हटलं, "तुम्ही त्यांना पहिलं काय विचारता?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आडनाव."

फोन ठेवताना म्हणाला, बाबांशी बोलून बघतो. बोलला की नाही, मी अजून विचारलेलं नाही. पण तुमच्या घरी वरची खोली रिकामी असेल, तर आज जेवताना हा विषय काढून बघा. काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!