घरगुती यंत्रशाळेची वीजजोडणी आणि सुरक्षा-नियमांची वाटचाल : चिंचोटी परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मुंबई–अहमदाबाद महामार्गावरील चिंचोटी हे गाव तुंगारेश्वरच्या डोंगराळ भागाच्या पायथ्याशी वसले असून येथूनच कामणमार्गे भिवंडीकडे रस्ता फुटतो. वसई पूर्वेकडील या पट्ट्यात लघुउद्योगांचे गाळे मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. अशा परिसरात गाळ्याचे भाडे परवडत नसलेल्या कारागिराने घराच्या पडवीतच ग्राइंडर, ड्रिल किंवा लहान लेथ बसविणे स्वाभाविक ठरते. दिव्यापंख्यांसाठी घेतलेल्या जोडणीवर यंत्र चालू लागले की घर आणि कारखाना यांतील सीमारेषा पुसट होते. कायद्याने या सीमारेषेचा विचार कसा केला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

नियमांची वाटचाल

१९१० च्या भारतीय विद्युत कायद्याखाली सुरक्षिततेचा तपशील नियमांवर सोपविण्यात आला. त्यांतील १९५६ चे भारतीय विद्युत नियम सर्वाधिक काळ प्रभावी राहिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाच्या काळात वीज खेडोपाडी पोहोचली, ती याच नियमांच्या चौकटीत. नियम ४५ नुसार दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची साधी बदली ग्राहकास करता येत असे. मात्र जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलणारे काम परवानाधारक कंत्राटदारानेच करावयाचे होते. पडवीत लेथ बसविणे हा नेमका असा बदल होय. नियम ६१ ने स्थिर मोटरच्या सांगाड्यास दोन स्वतंत्र जोडण्यांनी अर्थिंग करणे बंधनकारक केले.

फ्यूज, अर्थिंग आणि मानवी शरीर

एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. २३० व्होल्टवरील एवढी मोटर चालताना सुमारे ६ ते ७ अँपिअर प्रवाह घेते. सुरू होताना तो क्षणभर कैक पटींनी वाढतो. त्यामुळे फ्यूज काहीसा मोठा ठेवावा लागतो. परंतु फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. शरीरातून काही सेकंद वाहणारा ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाहही प्राणघातक ठरू शकतो; फ्यूजला त्याची जाणीवही होत नाही.

अर्थिंगलाही मर्यादा आहेत. भूमार्गाचा एकूण रोध १० ओहम असेल, तर २३० व्होल्टवर सदोष सांगाड्यातून जास्तीत जास्त २३ अँपिअर प्रवाह जमिनीत जातो. १६ अँपिअरचा फ्यूज त्याने तत्काळ वितळेलच असे नाही, आणि तोवर सांगाडा धोकादायक राहतो. खडकाळ, मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की हा रोध आणखी वाढतो. अर्थिंगऐवजी सांगाडा न्यूट्रललाच जोडण्याची क्लृप्ती त्याहून घातक आहे. न्यूट्रल तार तुटताच निर्दोष यंत्राचा सांगाडाही विद्युतभारित होतो. पावसाळ्यातील ओली फरशी या धोक्यात भर घालते.

लहान भाराची सूट

गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण ही या उणिवेवरील उपाययोजना होती. तथापि नियम ६१-अ ने ५ किलोवॅटपेक्षा कमी भाराच्या लघुदाब जोडण्यांना त्यातून सूट दिली. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने केलेल्या विनियमांत ही मर्यादा खाली आली. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतली. मर्यादा खाली येणे हे निश्चितच प्रगतीचे द्योतक होते. तरीही एका अश्वशक्तीचे यंत्र आणि मोजके दिवे असलेले लहान घर सुटीच्या कक्षेत राहू शकत होते. वस्तुतः धोका किलोवॅटवर अवलंबून नसतो. लहान घरातही दाब तेवढाच, २३० व्होल्ट असतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, नियमांचा प्रवास तारेच्या रक्षणाकडून माणसाच्या रक्षणाकडे झाला. परंतु भाराच्या निकषामुळे सर्वांत लहान कारागीर त्या रक्षणाच्या शेवटच्या टप्प्यापासून दूर राहिला. यंत्रासाठी स्वतंत्र सर्किट, योग्य जाडीची तार, ओव्हरलोड संरक्षण असलेला स्टार्टर, तपासलेले अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक उपकरण आणि महावितरणकडे वाढीव भाराची नोंद या बाबी कायद्याच्या किमान मर्यादेची वाट न पाहता पाळल्या जाणे आवश्यक आहे. त्यांचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरला गेला पाहिजे.