गंजातून उमटणारी नक्षी

बर्मिंगहॅममध्ये १८८०च्या सुमारास घडलेली एखादी दुनळी बंदूक आज पाहायला मिळाली, तर तिच्या नळ्या अनेकदा एकसारख्या काळ्या दिसतात. मालक म्हणतो, ‘मूळचाच रंग आहे.’ अनेकदा तो मूळचा नसतो. त्या काळ्या थराखाली तपकिरी-रुपेरी नक्षी झाकलेली असते. ती पुन्हा उघडी करावी का, आणि केली तर किती किंमत मोजून, हा या लेखाचा विषय आहे.

ही नक्षी वरून काढलेली नसते, ती नळीच्या घडणीतच असते. लोखंड आणि पोलाद यांचे थर एकावर एक रचून, तापवून, ठोकून त्यांची सळई करायची. तिला दोरासारखा पीळ द्यायचा. अशा दोन-तीन सळया शेजारी शेजारी जोडून पट्टी करायची आणि ती दांड्याभोवती गुंडाळून कडा हातोड्याने सांधायच्या. इंग्लंडमध्ये एके काळी यासाठी घोड्याच्या नालांचे जुने खिळे गोळा करत. बेल्जियममध्ये लिएजजवळच्या वेद्र नदीच्या खोऱ्यात तर गावेच्या गावे या कामावर जगत. अशा नळीला ‘दमास्कस’ म्हणत. नाव दमास्कसच्या तलवारींवरून आले असले, तरी त्या तलवारींचे पोलाद मुशीत वितळवून केलेले असे आणि त्याच्याशी दक्षिण भारताचा जवळचा संबंध होता. नळीची कृती अगदी वेगळी.

वेगळी असली तरी आपल्याला अपरिचित नव्हती. अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त शाही बंदुकांची नळी कशी करतात ते लिहून ठेवले आहे: लोखंड चपटे करून तिरके गुंडाळायचे, घड्या कडेला कड न लावता एकीवर एक चढवायच्या आणि हळूहळू तापवून सांधायच्या. सोळा नळ्या एकदम साफ करणाऱ्या, जनावराकडून फिरवल्या जाणाऱ्या चाकाचेही तो वर्णन करतो. १५६८मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल ज्या बंदुकीने पडला, ती ‘संग्राम’ याच शाही संग्रहातली होती. नळी साफ करणे आणि उजळणे हे काम तेव्हाही नळी घडवण्याइतक्याच गांभीर्याने होत असे, हे त्या चाकावरून कळते.

मग बर्मिंगहॅमच्या नळ्या काळ्या का झाल्या? काळी दारू जाऊन धूरविरहित दारू आली. इंग्लंडमध्ये १८९६पासून तिच्यासाठी वेगळ्या चाचणीची खूण ठोकू लागले. दमास्कस नळीला नवी दारू सोसत नाही, हा समज पक्का झाला, आणि बंदूक आधुनिक दिसावी म्हणून पुष्कळांनी नक्षीवर काळा रंग चढवून घेतला. समज सरसकट खरा नव्हता. चांगल्या दमास्कस नळ्यांनी ती चाचणीही पार केली आहे.

आता नक्षी परत आणायची कृती. नळ्यांना आतून लाकडी बुच मारतात. जुना रंग आणि गंजाचे खड्डे लांबीच्या दिशेने घासून काढतात. मग चुन्याने तेलाचा अंश पुसतात; बोटाचा एक ठसा राहिला तरी डाग पडतो. आम्ल आणि मोरचूद यांसारख्या क्षारांचे द्रावण पातळ लावून नळ्या उबदार, दमट पेटीत ठेवतात. गंज धरला की गरम पाण्याने थांबवायचा, तारेच्या मऊ ब्रशने किंवा पोलादी काथ्याने पुसायचा आणि पुन्हा द्रावण लावायचे. असे सहा-आठ वेळा, कधी त्याहून जास्त. लोखंड आणि पोलाद यांचा गंजण्याचा वेग वेगळा, म्हणून हळूहळू पिळाच्या रेषा उमटू लागतात. उकळत्या क्षारांत बुडवून झटपट काळे करण्याची आधुनिक पद्धत इथे घातक ठरते: दोन नळ्या आणि त्यांच्यामधल्या पट्ट्या शिशा-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात, आणि ते क्षार डाखच खातात.

पण खरी जोखीम कानशीत आहे. नळीच्या पुढच्या भागात भिंत पुष्कळदा एक मिलिमीटरहूनही पातळ असते. बाहेरून खड्डे घासले, आतून पोकळी गुळगुळीत केली की दोन्हीकडून धातू जातो. आतला व्यास ठरलेल्या मर्यादेपलीकडे वाढला, तर ब्रिटनमध्ये ती बंदूक ‘चाचणीबाह्य’ ठरते आणि १८६८च्या कायद्यानुसार पुन्हा चाचणी केल्याशिवाय विकता येत नाही. ती चाचणी म्हणजे जादा दारू भरून उडवलेला बार. नळी फाटली तर फाटली.

शिवाय लिखाण जाते. वरच्या पट्टीवर कारागिराचे नाव आणि दुकानाचा पत्ता कोरलेला असतो. दुकाने जागा बदलत, त्यामुळे पत्त्यावरून साल काढता येते. खालच्या सपाट भागावर चाचणीगृहाच्या खुणा असतात. ‘गोळीसाठी नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द दिसले, तर नळी १८७५ ते १८८७ या काळातली. चौकटीत १२ आणि ‘सी’ हे अक्षर दिसले, तर १८८७ नंतरची. हौशी हाताने घासलेल्या नळीवर हे सारे पुसट होते. मग कोणी ते नव्याने कोरते, आणि अभ्यासकाला त्या अक्षरांवर विश्वास ठेवता येत नाही. कधी घासताना उलटाच उलगडा होतो. नक्षी संपूर्णच निघून जाते, कारण स्वस्त बंदुकांत साध्या पोलादी नळीवर आम्लाने नुसती चित्रासारखी नक्षी उमटवलेली असे!

आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याने बंदूक दुरुस्त करण्यालाही परवाना लागतो, तेव्हा हे काम घरच्या अंगणात करण्याचा प्रश्नच नाही. परवानाधारक कारागिराने आधी भिंतीची जाडी मोजावी. ती पुरेशी असेल, तरच कानस उचलावी. माझे मत असे की, तेव्हाही खोल खड्डे तसेच राहू द्यावेत. पट्टीवरच्या अक्षरांभोवती आणि खालच्या खुणांवर हात न लावता तेवढा भाग जुन्या काळ्या रंगातच सोडावा. नळ्या जरा ठिगळ लावल्यासारख्या दिसतील.