परदेशातून मागवलेल्या वस्तूंवरील सीमाशुल्क : छापील किंमत, भेटवस्तू आणि कुरियरचे बिल

परदेशी विक्रेत्याकडून इंटरनेटद्वारे वस्तू मागवणाऱ्या ग्राहकास अनेकदा दोन वेळा पैसे मोजावे लागतात. पहिल्यांदा वस्तू निवडताना आणि दुसऱ्यांदा पार्सल दारात आल्यावर. दुसरी रक्कम कधी पोस्टमन मागतो, तर कधी कुरियर कंपनीचा संदेश येतो. ही रक्कम म्हणजे दंड आहे किंवा मध्यस्थाने केलेली लूट आहे, असा समज सर्रास आढळतो. वास्तविक तिचा मोठा भाग हा सीमाशुल्क आणि आयातीवरील कर असतो. वस्तू घरी वापरण्यासाठी असली, एकच असली, अथवा परदेशातील नातेवाइकाने पाठवलेली असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती आयातच ठरते आणि ती मागवणारी व्यक्ती आयातदार ठरते. विक्रेत्याने दाखवलेली किंमत सहसा सीमेपाशी संपते, ही बाब ग्राहकाच्या लक्षात येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

म्हैसूरसारख्या शहरात ही अडचण थोडी वाढते. तेथे परदेशी मालाची विमानवाहतूक होत नाही. पार्सलची तपासणी आणि शुल्क आकारणी बंगळुरू, चेन्नई, मुंबई किंवा दिल्ली येथील परदेशी टपाल कार्यालयात अथवा विमानतळावरील कुरियर केंद्रात पूर्ण होते. आकारणी करणारा अधिकारी ग्राहकास कधी दिसत नाही. त्याच्या हाती येतो तो केवळ एक आकडा. विद्यापीठ, संशोधन संस्था आणि योगाभ्यासासाठी महिनोन्महिने वास्तव्य करणारे परदेशी विद्यार्थी यांमुळे या शहरात पुस्तके, उपकरणे व वैयक्तिक वापराचे साहित्य बाहेरून येणे नवे नाही.

आयात शुल्काशी म्हैसूरचा आणखी एक, बराच जुना संबंध आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे ताडपत्रावरील हस्तलिखित याच शहरातील प्राच्य ग्रंथालयात आर. शामशास्त्री यांच्या हाती आले. १९०९ मध्ये त्यांनी संस्कृत संहिता प्रसिद्ध केली आणि १९१५ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने आले. त्या ग्रंथात ‘शुल्काध्यक्ष’ या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. नगराच्या महाद्वाराजवळ शुल्कशाळा आणि तिचा ध्वज उभारावा, व्यापारी कोण, कोठून आला, माल किती आणि त्यावर पहिली मुद्रा कोठे उमटली याची नोंद घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. आजच्या पार्सलवर चिकटवलेल्या घोषणापत्रात जवळजवळ हेच प्रश्न असतात. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारणपणे किमतीचा पाचवा हिस्सा शुल्क म्हणून घ्यावा आणि फळे, फुले, भाजीपाला अशा वस्तूंवर सहावा, असा दर कौटिल्याने दिला आहे. शुल्काच्या भीतीने मालाचे प्रमाण किंवा मूल्य कमी सांगणाऱ्याचा अतिरिक्त माल राजाने घ्यावा किंवा त्याच्याकडून आठपट शुल्क वसूल करावे, असेही तो म्हणतो. विवाह, यज्ञ, प्रसूती अशा प्रसंगांचे साहित्य आणि भेट म्हणून नेल्या जाणाऱ्या वस्तू यांना मात्र त्याने शुल्कमुक्त ठेवले होते. त्या सवलतीसाठी खोटे सांगणाऱ्यास चोराची शिक्षा होती. भेटवस्तूच्या नावाखाली व्यापारी माल आणण्याची युक्ती किती जुनी आहे, याचा अंदाज यावरून यावा.

भेटवस्तूंची सवलत आणि तिचा शेवट

स्वतंत्र भारतातही भेटवस्तूंना सूट होती. टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या खऱ्या भेटवस्तूंना ठरावीक मूल्यापर्यंत शुल्क माफ करणारी अधिसूचना १९९३ मध्ये निघाली. मूल्याची ही मर्यादा वेळोवेळी बदलत गेली आणि अखेरच्या काळात ती ५,००० रुपये होती. परदेशी, विशेषतः चिनी, संकेतस्थळांवरील विक्रेत्यांनी या सवलतीचा मुक्तहस्ते वापर केला. विकलेल्या मालावर ‘भेट’ असे लिहून लहान लहान पार्सले भारतात येऊ लागली. देशातील व्यापाऱ्यांनी याविरुद्ध तक्रारी केल्या.

त्यानंतर विदेश व्यापार महासंचालनालयाने १२ डिसेंबर २०१९ रोजी अधिसूचना काढून टपाल अथवा कुरियरमार्गे ‘भेट’ म्हणून सोडवून घ्यावयाच्या वस्तूंच्या आयातीवर बंदी घातली. इंटरनेटवरून खरेदी केलेल्या वस्तूंचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जीवरक्षक औषधे आणि राख्या यांचा मात्र अपवाद करण्यात आला. राखी चालते, परंतु राखीसोबतची भेट चालत नाही, असा सूक्ष्म भेद अधिसूचनेने केला आहे. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणण्यास हरकत नाही, हेही त्यात नमूद आहे. पाच हजारांपर्यंत काही लागत नाही, ही ऐकीव माहिती अनेक कुटुंबांत आजही टिकून आहे. तिच्या भरवशावर परदेशातील मुलाने आईवडिलांना घड्याळ पाठवले, तर पार्सल सोडवण्याचा खर्च आईवडिलांवर येतो.

एक लहानशी सवलत मात्र शिल्लक आहे. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ च्या सहाव्या पोटकलमानुसार आकारावयाचे शुल्क १०० रुपये किंवा त्याहून कमी असल्यास ते वसूल केले जात नाही. ही मर्यादा शुल्काची आहे, वस्तूच्या किमतीची नव्हे. आजच्या भावात तिचा लाभ राखीसारख्या वस्तूंपलीकडे फारसा कोणास मिळत नाही.

रक्कम कशी ठरते

शुल्क केवळ वस्तूच्या किमतीवर लागत नाही, हे ग्राहकाच्या हिशेबातून सहसा सुटते. आकारणीयोग्य मूल्यात वस्तूची किंमत, वाहतूक खर्च आणि विमा या तिन्हींचा समावेश होतो. परकीय चलनाचे रुपयांत रूपांतर करताना बँकेच्या कार्डावरील दर धरला जात नाही. सीमाशुल्क विभागासाठी अधिकृतपणे ठरलेला दर त्यासाठी वापरला जातो. या मूल्यावर मूळ सीमाशुल्क बसते. त्या शुल्काच्या रकमेवर साधारणतः १० टक्के समाजकल्याण अधिभार येतो. मूल्य, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर आकारला जातो. म्हणजे करावर कर चढतो.

उदाहरणार्थ, वस्तूची किंमत १०,००० रुपये आणि वाहतूक व विमा मिळून २,००० रुपये असल्याचे धरू. मूळ सीमाशुल्क १० टक्के आणि एकात्मिक कर १८ टक्के लागू असल्यास १२,००० रुपयांवर सीमाशुल्क १,२०० रुपये, अधिभार १२० रुपये आणि १३,३२० रुपयांवरील कर २,३९७ रुपये ६० पैसे होईल. एकूण आकारणी ३,७१७ रुपये ६० पैसे, म्हणजे वस्तूच्या किमतीच्या ३७ टक्क्यांहून अधिक होते. १० आणि १८ यांची बेरीज २८ करून मनात आकडा धरणाऱ्या ग्राहकास येथेच धक्का बसतो.

दर वस्तूगणिक बदलतात. छापील पुस्तकांवर दीर्घकाळ सीमाशुल्क नव्हते. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात ते ५ टक्के करण्यात आले. व्यक्तिगत वापरासाठी टपालाने किंवा विमानाने येणाऱ्या शुल्कपात्र वस्तूंकरिता सीमाशुल्क दरपत्रकात ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. १ फेब्रुवारी २०२६ रोजी सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पात व्यक्तिगत वापराच्या अशा आयातीवरील दर २० टक्क्यांवरून १० टक्के करण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. वस्तू व सेवा कराच्या दरांचीही २२ सप्टेंबर २०२५ पासून फेररचना झाली. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या पावतीवरून आजचा अंदाज बांधू नये. वापरलेल्या वस्तूंबाबत तर आणखी सावधगिरी हवी. यंत्रसामग्री वगळता जुन्या वस्तूंची आयात प्रतिबंधित वर्गात येते आणि तिला परवाना लागतो. परदेशातील लिलावात स्वस्तात मिळालेली जुनी वस्तू शुल्क भरण्याची तयारी असूनही अडकून पडू शकते.

टपाल आणि कुरियर

टपालाने आलेल्या पार्सलवरील शुल्क डाकघर ते सुपूर्द करताना वसूल करते. कुरियरची पद्धत निराळी असते. कंपनी प्रथम ग्राहकाची ओळखपत्रे मागवते, स्वतः शुल्क भरून पार्सल सोडवते आणि नंतर ती रक्कम वसूल करते. त्यासोबत आगाऊ भरण्याचे, कागदपत्रांचे किंवा हाताळणीचे शुल्क लावले जाते आणि त्यावर पुन्हा वस्तू व सेवा कर येतो. सरकारी शुल्क व कंपनीचा आकार ही दोन वेगळी देणी आहेत, परंतु ती एकाच बिलात येतात. लहान किमतीच्या वस्तूवर कंपनीचा आकारच शुल्काहून मोठा निघतो, तेव्हा ग्राहकाचा संताप अनाठायी म्हणता येत नाही. विक्रेत्याने ‘सर्व शुल्कांसह’ असा दर दिला असल्यास ही दोन्ही देणी त्याच्याकडे जातात. केवळ ‘वाहतूक मोफत’ असे लिहिले असेल, तर शुल्क ग्राहकाकडेच राहते.

कर आकारणीची वेळ बदलून हा प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न काही देशांनी केला आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१८ पासून कमी किमतीच्या आयातीवरील कर विक्री करणाऱ्या संकेतस्थळांकडूनच गोळा करण्यास प्रारंभ केला. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ रोजी २२ युरोपर्यंतची मूल्यवर्धित करमाफी रद्द केली आणि १५० युरोपर्यंतच्या वस्तूंवरील कर खरेदीच्या वेळीच घेण्याची सोय केली. अमेरिकेतील ८०० डॉलरपर्यंतची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबवण्यात आली, तेव्हा झळ इकडेही पोहोचली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणाऱ्या बहुतेक पार्सलांची नोंदणी बंद ठेवली. ती १५ ऑक्टोबरला, दिवाळीच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली. अमेरिकेतील आप्तांना फराळ पाठवण्याचे दिवस त्यात बहुतांशी निघून गेले. सेवा पूर्ववत झाली तेव्हा लागू असलेले शुल्क पाठवणाऱ्याकडूनच आगाऊ घेण्याची पद्धत अवलंबण्यात आली. पाठवणाऱ्याचा खर्च त्यामुळे वाढला, परंतु पार्सल स्वीकारणाऱ्यास दारात अनपेक्षित बिल आले नाही. भारतात येणाऱ्या मालासाठी खरेदीच्या क्षणीच कर घेण्याची अशी सर्वसाधारण व्यवस्था नाही, आणि ग्राहकाची बहुतांश गैरसोय या एका उणिवेतून उद्भवते.

आकारणी मान्य नसल्यास

वस्तूचे वर्गीकरण किंवा मूल्य चुकीचे धरले गेले आहे असे वाटल्यास पार्सल न उघडता बिलाची प्रत, पैसे भरल्याचा पुरावा आणि मागणीची नोंद जोडून लेखी तक्रार करावी. आकारणीच्या आदेशाविरुद्ध सीमाशुल्क आयुक्त (अपील) यांच्याकडे आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत दाद मागता येते. वस्तू सदोष निघाली किंवा मागणीप्रमाणे नसली आणि ती परत पाठवावी लागली, तर कायद्याच्या कलम २६अ अन्वये शुल्काच्या परताव्याची तरतूद आहे. परत पाठवण्याची मुदत सर्वसाधारणपणे ३० दिवसांची असते. लहान खरेदीसाठी इतकी कागदपत्रे कोण करणार, हा प्रश्न रास्त आहे. मात्र विक्रेत्याने वस्तूची किंमत परत केली म्हणजे शुल्कही आपोआप परत येते, असे समजू नये. विक्रेत्याने किंमत मुद्दाम कमी लिहिली असल्यास माल जप्त होऊ शकतो व दंडही होऊ शकतो. त्या वेळी विक्रेता परदेशात असतो आणि नोटीस येथील पत्त्यावर येते.

अनपेक्षित शुल्काच्या या अनुभवाचा लाभ भामटेही घेतात. ‘आपले पार्सल सीमाशुल्क विभागाने अडवले आहे’ असे दूरध्वनीवरून सांगून खासगी खात्यात पैसे भरण्यास भाग पाडले जाते. सीमाशुल्क विभाग खासगी बँक खात्यात शुल्क मागत नाही. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या पत्रव्यवहारावर नोव्हेंबर २०१९ पासून दस्तऐवज ओळख क्रमांक दिला जातो. मंडळाच्या संकेतस्थळावर हा क्रमांक घालून पत्र खरे की बनावट याची पडताळणी करता येते. कुरियरच्या नावाने संदेश आल्यास त्यातील दुवा उघडण्याऐवजी कंपनीच्या संकेतस्थळावर पार्सलचा क्रमांक स्वतः टाकून पाहावा. काहीच मागवलेले नसताना असा निरोप आल्यास उत्तर देऊ नये. पैसे भरले गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.