सांगणारा कोण, हे लिहून ठेवणारा

ट्रॉयच्या युद्धाची हकिगत होमर काव्यदेवतेकडे मागतो, आणि देवीने सांगितलं म्हटल्यावर पुरावा कोण मागणार? ग्रीकांचा भूतकाळ बराच काळ असाच चालला. इ.स.पू. ५००च्या सुमारास मिलेटसच्या हेकाटियस या ग्रीक लेखकाने त्याला हरकत घेतली. ग्रीकांच्या कथांचा त्याला हास्यास्पद पसारा दिसला. मग स्वतःला पटेल तेच लिहायचं त्याने ठरवलं.

तरी स्वतःचं कूळ मात्र त्याने सोळाव्या पिढीत एका देवाशी नेऊन भिडवलं होतं. इजिप्तमध्ये थीब्जच्या पुजाऱ्यांना त्याने ते ऐकवलं, तेव्हा त्यांनी त्याला मंदिरात नेऊन लाकडी पुतळे मोजून दाखवले. प्रत्येक मुख्य पुजाऱ्याने हयातीतच आपला पुतळा तिथे बसवायचा, बापामागे मुलगा. भरले ३४५. त्यांत देव एकही नव्हता. सगळे माणसाच्या पोटचे. ही हकिगत ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो आणि ते पुतळे आपल्यालाही दाखवले, असं नोंदवतो. हेकाटियसची भेट खरोखर घडली का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र इतिहासलेखनाची कुळी इथेच सापडते: घराण्याच्या अभिमानाला कोणीतरी मोजदाद करून उत्तर दिलं.

हिरोडोटस इ.स.पू. ४८४च्या सुमारास हॅलिकार्नाससला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या बोडरूमला जन्मला. गाव ग्रीकांचं, सत्ता इराणी. तिथली राणी आर्टेमिसिया इ.स.पू. ४८०मध्ये सॅलॅमिसच्या सागरी लढाईत इराणचा राजा झर्क्सीस याच्यासाठी ग्रीकांविरुद्ध लढली. या ग्रीक-इराणी युद्धाचा वृत्तांत लिहिताना हिरोडोटसने दोन्ही बाजूंच्या पराक्रमाला जागा दिली. पुढे ग्रीक लेखक प्लुटार्कने त्याला परक्यांचा पक्षपाती ठरवलं. मला हीच त्याची थोरवी वाटते.

त्याची खरी कमाई मात्र पद्धतीत आहे. हे मी पाहिलं, हे मला सांगितलं, हा माझा तर्क, असं तो वेगवेगळं मांडतो. सॅलॅमिसला कोरिंथचं आरमार पळालं, असं अथेन्सवाले सांगत. तो ते देतो. कोरिंथवाले नाकारतात हेही देतो, आणि बाकीचे ग्रीक कोरिंथच्या बाजूने साक्ष देतात, हेही जोडतो. ऐकलेलं सांगणं आपलं काम, त्यावर विश्वास ठेवायलाच हवा असं नाही, हे त्याने स्पष्ट लिहिलंय. भारतात तो आला नाही. म्हणून त्याच्या पानांवर सोनं उकरणाऱ्या, कोल्ह्याहून मोठ्या मुंग्याही आहेत आणि झाडाला येणारी लोकर, म्हणजे आपला कापूसही.

त्याच्याहून धाकटा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस कडक शिस्तीचा. त्याने भाकडकथा गाळल्या. पण कोणी काय सांगितलं हेही बहुतेक गाळलं, त्यामुळे त्याचा निवाडा तपासायला वाचकाच्या हाती फारसं उरत नाही.

हिरोडोटसच्या वाचकाला ती सोय आहे. इजिप्तच्या नेको राजाने फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून आफ्रिकेभोवती धाडलं. वाटेत किनाऱ्यावर धान्य पेरत, पीक काढून पुढे जात ते तिसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातून परतले. आफ्रिकेला वळसा घालताना सूर्य उजव्या हाताला होता, असं त्यांनी सांगितलं. हिरोडोटसला ते पटलं नाही, तरी त्याने लिहून ठेवलं. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पश्चिमेकडे जाताना दुपारचा सूर्य उजवीकडेच दिसतो. म्हणूनच हा प्रवास खरा मानणारे अभ्यासक आज त्याच वाक्यावर बोट ठेवतात.