आधी टॉवरला हाक

2005. शिर्डीतली रामनवमी. मुंबईहून चालत आलेल्या पालख्या गावात शिरताहेत, द्वारकामाईपुढची रांग हलत नाही आणि या गर्दीत आईचा हात तुमच्या हातून सुटलाय. तुम्ही मोबाइल काढता, तिचा नंबर लावता. हिरवं बटण दाबलंत, तिथेच काळ रोखा. एका सेकंदाचे हजारो तुकडे करा आणि त्यातल्या एकात शिरा.

फोनने आईचा नंबर अजून सांगितलेलाच नाही. आधी त्याला टॉवरकडे बोलायला चॅनल मागायचा आहे, आणि मागायची जागा सगळ्यांची एकच. दर 4.6 मिलिसेकंदांनी तिथे 577 मायक्रोसेकंदांचा एक स्लॉट येतो. तुमचा फोन त्यात जेमतेम 8 बिट टाकतो: चॅनल कशासाठी हवा ते, आणि काही रँडम बिट. तुमची ओळख त्यात नसते. त्याच क्षणी पालखीतल्या कुणाच्या फोनने हाक दिली, तर दोन्ही लहरी मिसळतात आणि टॉवरला बहुधा काहीच उमगत नाही. एखादी फार जोरकस असली तर तेवढीच ऐकू येते. आधी कानोसा घ्यायचीही सोय नाही, कारण फोन एका फ्रिक्वेन्सीवर बोलतात आणि दुसरीवर ऐकतात.

उत्तर येत नाही. दोघांनी ठरलेल्या वेळी पुन्हा हाक दिली तर पुन्हा टक्कर. म्हणून फोन एक रँडम आकडा काढतो आणि तेवढे स्लॉट गप्प बसतो.

ही युक्ती जिथे पहिल्यांदा चालली तिथे चला. जून 1971, होनोलुलू. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांचे सहकारी दूरची टर्मिनलं रेडिओने संगणकाला जोडताहेत. 407.35 मेगाहर्ट्झवर पाठवायचं, पाळी कुणी वाटून देणार नाही. पोच आली नाही तर रँडम वेळ थांबून पुन्हा पाठवायचं. नाव अलोहा. चॅनलचा उपयोग फार तर 18.4 टक्के, 1972 मध्ये लॅरी रॉबर्ट्स यांनी स्लॉट पाडायचं सुचवलं आणि तो 36.8 पर्यंत गेला. बाकी सगळं वाया? मला तसं वाटत नाही. टर्मिनलसमोरचा माणूस बहुतेक वेळ गप्प असतो. गप्प माणसांसाठी पाळ्या राखून ठेवणं त्याहून उधळपट्टीचं.

परत शिर्डीत या. टॉवर तुमचेच बिट परत म्हणून दाखवतो: ज्याचे हे, त्याने या चॅनलवर यावं. पण रँडम बिट पाचच असले तर शक्यता 32च. त्याच स्लॉटमध्ये तेच बिट दुसऱ्यानेही निवडले, तर दोघेही तिथे येतात आणि आपापली ओळख सांगतात. टॉवर ज्याची ओळख परत उच्चारतो तो राहतो, दुसरा माघार घेतो. गर्दी हाताबाहेर जायला लागली तर टॉवर सिमच्या 0 ते 9 या वर्गांपैकी काहींना थोडा वेळ हाक मारायला बंदीही घालू शकतो.

आता आईची बाजू पाहा. टॉवर तिच्या फोनला बोलावतो, तरी ओ द्यायला त्यालाही याच सामाईक स्लॉटमध्ये उडी घ्यावी लागते. तीही टक्कर टळते आणि रिंग वाजते. “गुरुस्थानापाशी उभी आहे बाळा, ये लवकर.”

वीस वर्षं पुढे या. जिल्हा आता अहिल्यानगर, हातात 4जी. 8 बिटांच्या जागी प्रत्येक सेलमध्ये 64 संकेत आहेत. एकाच वेळी दोन वेगळे संकेत आले तरी टॉवर ते वेगळे ओळखतो. दोन फोनांनी एकच संकेत उचलला, तर मात्र टॉवर एकाची ओळख उच्चारतो, आणि दुसरा थोडं थांबून पुन्हा सुरुवात करतो.