टोपीखालचा काळोख

व्हिडिओ गेममधील पात्रांचीं संकल्पचित्रें पाहून, ‘मूळ चित्र केवढें सुंदर, आणि खेळांत त्याचें काय झालें!’ असा उद्गार काढणारे रसिक आम्हांस वारंवार भेटतात. एके काळीं आम्हींही तो काढला आहे.

१९८७ सालीं जपानांतील स्क्वेअर कंपनीनें फॅमिकॉम यंत्रासाठीं ‘फायनल फँटसी’ हा खेळ काढला. त्याचीं संकल्पचित्रें योशिताका अमानो यांचीं. त्यांची रेषा वाऱ्यावर सोडलेल्या रेशमी धाग्यासारखी. केस कोठें संपले व वस्त्र कोठें सुरू झालें, हेंही कित्येकदां कळूं नये! आणि खेळाच्या नकाशावर चालणाऱ्या वीराच्या वाट्यास जागा किती? आडवे सोळा व उभे सोळा ठिपके. त्यांतल्याही प्रत्येक तुकड्यास रंग तीनच.

ह्या ठिपक्यांचें काम काझुको शिबुया यांनीं केलें. एवढ्याशा जागेंत अमानोंची रेषा उतरणें शक्यच नव्हतें. तेव्हां प्रश्न नकलेचा नव्हता, काय टाकावें आणि काय राखावें ह्या निवाड्याचा होता. खेळांतील काळा जादूगारच पाहा ना. टोकदार टोपी, तिच्याखालीं चेहऱ्याच्या जागीं काळोख, आणि त्यांत चमकणारे दोन डोळे. बस्स! ह्यास मूळ चित्राची दुर्दशा म्हणावयास आमचें मन आतां धजत नाहीं.

पुढें यंत्रें सुधारलीं. नाक, ओठ, भुवया, वाटेल तें दाखविण्याची सोय झाली. तरीही २००० सालच्या नवव्या भागांतील व्हिव्ही ह्या बालजादूगारास चेहरा दिलेला नाहीं. तीच टोपी, तोच काळोख, तेच दोन डोळे.