दंडावरचा वण आणि सीलबंद पाकीट

अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ग्रीन कार्ड, मागणाऱ्याला वैद्यकीय तपासणी चुकत नाही. इथून अर्ज केला तर वकिलातीने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जायचं, तिथे राहून केला तर तिथल्या सरकारने मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे. या दुसऱ्या डॉक्टरला तिकडे ‘सिव्हिल सर्जन’ म्हणतात. पण म्हणून नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या साहेबांचं पत्र नेलं तर ते तिथे चालणार नाही. तो डॉक्टर आय-६९३ नावाचा फॉर्म भरतो आणि पाकिटात घालून सील करतो. पाकीट अर्जदाराच्या हातात असतं, पण त्याने ते फोडायचं नसतं. इथल्या डॉक्टरचा तक्ता वेगळा, डीएस-३०२५. दोन्हींत लशींची नावं एकाखाली एक आणि त्यांच्यापुढे तारखांचे रकाने. ‘सगळे डोस वेळेवर दिलेत’ असं आई छातीठोकपणे सांगते, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तक्त्याला मात्र आईचा शब्द चालत नाही. लेखी नोंद नसेल तर डोस झालाच नाही असं धरतात.

हा लेखी दाखला आला कुठून, ते पाहायला दोनशे वर्षं मागे जावं लागतं.

देवीची लस मुंबईत पोचली जून १८०२ मध्ये, व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशी मजल दरमजल करत. १४ जूनला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि तिच्या दंडावरून पुढे पुण्याकडे, सुरतेकडे गेली. दंडावरून म्हणायचं कारण, लस बाटलीत ठेवता येत नव्हती. एका मुलाच्या हातावर फोड उठला की त्यातलं पाणी दुसऱ्याच्या हातावर टोचायचं. टोचणाऱ्याला गावोगाव जाताना पिकलेल्या फोडाचं एखादं मूलही सोबत न्यावं लागे. कुणाच्या मुलाच्या अंगातलं पाणी आपल्या मुलाला, या प्रश्नावर गावात काय बोललं जात असेल, ते आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगायला नको. १८२७ पासून मुंबई इलाख्यात असे फिरते टोचणारे सरकारी पगारावर नेमले गेले. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत.

देवी डॉक्टर टोचून लगेच दाखला देत नसे. आठवड्याभराने फोड नीट उठला की नाही, हे पाहणं हा त्याच्या कामाचा अर्धा भाग होता. १८८० चा लसीकरण कायदा नगरपालिका आणि लष्करी छावण्यांसाठी होता. नगरला दोन्ही होत्या. नगरपालिका तर १८५४ पासूनची. या कायद्यात सहा महिन्यांवरच्या, न टोचलेल्या मुलाला टोचून घेणं पालकांवर बंधनकारक होतं. मुलासाठी वयाची मर्यादा चौदा वर्षं, मुलीसाठी आठ. इतक्या लवकर मुलगी सासरी किंवा पडद्याआड जाणार, हे सरकारने गृहीत धरलं होतं. कायद्याला जोडून दाखल्यांचे नमुने होते: मूल यशस्वीपणे टोचलं गेल्याचा, तूर्त टोचण्याजोगं नसल्याचा, आणि टोचूनही लस उठत नसल्याचा. १८९२ मध्ये इलाख्यातल्या जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा झाला. आजच्या अमेरिकी तक्त्यातले सवलतीचे रकाने पाहा: वयाला लागू नाही, दोन डोसांमधलं अंतर पुरं झालेलं नाही, प्रकृतीमुळे देता येत नाही. अशा सवलतींचा साचा एकोणिसाव्या शतकातच तयार होता. फरक इतकाच की तेव्हाचा दाखला लस लागू पडल्याचा होता, आजचा फक्त सुई टोचल्याचा आहे.

या दाखल्याने माणसाचा रस्ता अडू किंवा मोकळा होऊ लागला तो प्लेगच्या काळात. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग उघड झाला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. कल्याणसारख्या स्टेशनांवर गाड्या थांबवून माणसं उतरवली जाऊ लागली. डॉक्टर काखा-जांघा चाचपून पाहत. बायामाणसांना हे किती झोंबलं असेल! दौंड-मनमाड रेल्वेमुळे नगर १८७८ पासूनच या जाळ्यात होतं. प्लेगवर लस शोधणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात तिचा प्रयोग केला. ही लस घेतल्याचा दाखला जवळ असला की विलगीकरणातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळू लागली. मूल निरोगी राहावं म्हणून देवी टोचून घेणं निराळं आणि पुढच्या स्टेशनावर सोडावं म्हणून दाखला खिशात ठेवणं निराळं. ग्रीन कार्डाच्या तक्त्याचा पूर्वज मला देवी डॉक्टरच्या रजिस्टरापेक्षा प्लेगच्या या चिठ्ठीत जास्त दिसतो.

अमेरिकेतही तेव्हा हेच चाललं होतं. १८९१ च्या कायद्याने येणाऱ्या प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी आली आणि बोटीच्या खालच्या वर्गातल्या उतारूंना लसीकरणाचा शिक्का असलेलं कार्ड मिळू लागलं. रेल्वेत अडवणूक नको असेल तर हे जपून ठेवा, अशी सूचना त्यावर अनेक भाषांत छापलेली असे. वरच्या वर्गातल्यांना मात्र हा ताप फारसा नव्हता. पश्चिम किनाऱ्यावर १९१० पासून अंकुशकृमी हा धोकादायक संसर्ग ठरवला गेला आणि एंजल आयलंडच्या तपासणी ठाण्यावर हिंदी मजुरांना परत पाठवायला त्याचा चांगलाच उपयोग झाला. वैद्यकीय कागद कायम वैद्यकीय कारणानेच मागतात असं नाही.

स्वातंत्र्यानंतर परदेशी जाणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय लसीकरणाची पुस्तिका लागे. जागतिक आरोग्य संघटनेचे नियम १९५१ चे. देवीच्या टोचणीची मुदत तीन वर्षं, कॉलऱ्याच्या सुईची सहा महिने, आणि डॉक्टरच्या सहीवर आरोग्य खात्याचा शिक्का हवाच. १९६५ नंतर अमेरिकेचं दार उघडल्यावर आपले जे डॉक्टर-इंजिनीअर तिकडे गेले, त्यांच्या सामानात ही पुस्तिका असे आणि छातीच्या एक्स-रेची मोठी फिल्म हातात. बंदरावरच्या अधिकाऱ्याला ती दाखवावी लागे. दाखले पैसे टाकून मिळतात ही ओरडही तेव्हापासूनचीच. १९६१-६२ च्या हिवाळ्यात कराचीहून गेलेल्या प्रवाशांबरोबर देवी इंग्लंडात पोचल्या, तेव्हा उपखंडातल्या कागदांवरचा विश्वास आणखी उडाला. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं आणि तो दाखलाही गेला. उरला पीतज्वराचा. तो मात्र भारतच फार कडकपणे मागतो, कारण पीतज्वर पसरवणारा डास इथे आहे आणि रोग अजून आलेला नाही.

इकडे नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जामखेडला, १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबेल आरोळे यांनी काम सुरू केलं. दोघंही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून परत आलेले. १९७१ मध्ये तिथल्या गावांत हजारी १७६ बालमृत्यू होते आणि लसीकरण अर्ध्या टक्क्याच्या आसपास, हे प्रकल्पाचे स्वतःचे आकडे. त्यांनी गावातल्याच बायका निवडून आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. अनेकींना सुरुवातीला लिहिता-वाचताही येत नव्हतं. कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणाचं मूल वाळतंय, कुणाची सुई राहिली, हे त्या गल्लीतून जाता-येता सांगत. पुढे लसीकरण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं आणि १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. माझ्या मते लसीकरणाची याहून पक्की नोंद जिल्ह्यात कधी झाली नसेल. पण ती सेविकेच्या माहितीत होती, आणि माहितीवर शिक्का मारता येत नाही.

सरकारी व्यवस्थेत शिक्का होता, पण मोजदाद निराळ्या गोष्टीची होती. १९७८ चा विस्तारित आणि मग १९८५ चा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम आला. उपकेंद्राच्या सिस्टर बर्फाच्या डब्यात लशी घेऊन येत आणि टॅली शीटवर डोसामागे एक रेघ मारत. वरच्या कचेरीला हवा तो रेघांचा आकडा. ही रेघ कुणाच्या मुलाची, हे ठरवणारा एकमेव कागद म्हणजे घरी दिलेलं कार्ड. ते पत्र्याच्या पेटीत, शिधापत्रिकेच्या घडीत राहिलं तर राहिलं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन निघतात आणि उन्हाळ्यात परततात. नवव्या महिन्याचा गोवराचा डोस नेमका फडावर असताना यायचा. कार्ड बरोबर नसलं की कारखान्याजवळच्या सिस्टर विचारणार, आधीचे कुठले झाले? जिल्ह्याबाहेर जायला व्हिसा लागत नाही, पण कार्डाअभावी अडायला सातासमुद्रापलीकडे जावं लागत नाही, ते असं.

आता ते कार्डच हातात घेऊन पाहू. माता आणि बाल संरक्षण कार्ड: आत वाढीचा आलेख, हिरवा, पिवळा, नारिंगी, बाजूला लशींच्या चौकटी, बॉलपेनने घातलेल्या तारखा. पहिली ओळ जन्मल्याबरोबरच्या डोसांची, बीसीजी, पोलिओचा शून्य डोस, काविळीची लस. हे डोस दवाखान्यातच मिळतात आणि बारसं तर पुढे असतं. त्यामुळे कार्डावर मुलाचं नावच नसतं. आईचं नाव आणि त्यापुढे ‘बाळ’. पासपोर्टात तेच बाळ स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव घेऊन उभं राहतं. आईचं माहेरी केलेलं कार्ड असेल तर त्यावर कधी कधी माहेरचं आडनाव. तारीख ५/७ असेल तर ती आपल्याकडे पाच जुलै, अमेरिकेत सात मे. आणि २०२४ पासून भर म्हणजे जुन्या दाखल्यात जिल्हा अहमदनगर, नव्यात अहिल्यानगर.

कार्ड अगदी पूर्ण भरलेलं असलं तरी ते पुरत नाही, हे बऱ्याच जणांना तपासणीच्या टेबलावरच कळतं. अमेरिकेने स्थलांतरितांना लसींचा लेखी पुरावा सक्तीचा केला तो १९९६ च्या कायद्याने. त्यात गोवर, गालगुंड, रुबेला, पोलिओ, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, हिब, कावीळ बी ही नावं आहेत आणि त्यांच्या तज्ज्ञ समितीने सुचवलेल्या आणखी. आपल्या सरकारी कार्यक्रमात कितीतरी वर्षं नुसती गोवराची लस होती. रुबेला आली २०१७ नंतर, महाराष्ट्रात २०१८ च्या मोहिमेत. गालगुंड अजूनही नाही, कांजिण्याही नाही. त्या खाजगी बालरोगतज्ज्ञाकडे पैसे देऊन. एप्रिल २०१६ नंतर दिलेले पोलिओचे तोंडावाटेचे थेंब तिकडे मोजत नाहीत, कारण तेव्हापासून थेंबांत तीनऐवजी दोनच प्रकार राहिले. डाव्या दंडावरचा बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा, वण तर उलट अंगावर येई: त्याच्यामुळे क्षयाची त्वचाचाचणी फुगायची आणि निरोगी माणूस संशयित ठरायचा. आता त्याऐवजी रक्ताची चाचणी असते. शिवाय यादी बदलत राहते. २००८ मध्ये एचपीव्हीची महाग लस मुलींना सक्तीची केली आणि पुढच्याच वर्षी काढून टाकली. कोविडची १ ऑक्टोबर २०२१ ला आली, जानेवारी २०२५ मध्ये गेली. कॅनडा कायमच्या वास्तव्यासाठी तपासणी करतो, एक्स-रे काढतो, पण लसींचा दाखला मागत नाही. यादी वैद्यकशास्त्राइतकीच राजकारणाचीही असते, ती अशी.

कोविडने आपल्याला पहिल्यांदाच प्रत्येकाच्या नावाचा, क्यूआर कोडचा दाखला दिला. तरी त्यावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. ब्रिटनने २०२१ मध्ये कुरकुर केल्यावर परदेशी जाणाऱ्यांसाठी तिची सोय झाली. आता बाळांसाठी यू-विन ही ऑनलाइन नोंदवही आहे, म्हणजे आज जन्मलेल्या मुलाची नोंद तरी पेटीत हरवणार नाही. पण आज अर्ज करणारी पिढी १९८० आणि ९० च्या दशकांत जन्मलेली आहे, आणि तिची कार्डं गेली ती गेली.

तेव्हा ज्यांच्या घरात असा अर्ज होणार आहे त्यांनी तारखेच्या सहा महिने आधी हालचाल करावी. कार्ड असेल तर दोन्ही बाजू स्कॅन करा, बालरोगतज्ज्ञाकडून लशींची इंग्रजी नावं, महिना अक्षरात लिहिलेल्या तारखा आणि नोंदणी क्रमांकासह शिक्का घेऊन ठेवा. कार्ड नसेल तर मागच्या तारखांचा दाखला ‘करून देणाऱ्या’च्या नादी लागू नका, पकडला गेला तर लस राहील बाजूला आणि खोटेपणाचा ठपका कायमचा बसेल. गोवर, कांजिण्या, कावीळ बी यांची प्रतिकारशक्ती रक्ततपासणीत दिसली तर ती मानतात. नाही दिसली तर डोस पुन्हा घ्या. एमएमआर, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची लस, पूर्वी घेतलेली असताना पुन्हा घेतल्याने अपाय होत नाही, आणि कावीळ बीसारख्या मालिकेत तपासणीच्या वेळी लागू असलेला एक डोस झाला तरी काम अडत नाही.